आक्काचा मोकळा वेळ

"आक्का, अख्ख्या बार्शीला तू बांगड्या भरतेस, मग तुझाच हात मोकळा का?"

प्रश्न माझा नव्हता. तो माझ्या वर्गातल्या अल्फिया आणि जुईचा होता. "वक्तृत्वात पहिली आलीस म्हणून फार उडतेस ना? मग हे विचारून दाखव. आणि गिऱ्हाईक असताना," अशी त्यांची पैज. पण तोंड माझं होतं, आणि ते मला आठवीत नुकतंच सापडलं होतं. त्याआधी मी हजेरीलासुद्धा पुटपुटायचे. मग तालुक्याला पहिला नंबर आला आणि मी बोलतच सुटले. बसमध्ये, वाण्याकडे, प्रार्थनेच्या रांगेत. जगातले सगळे प्रश्न विचारायचे राहिलेत आणि ते मीच विचारायचेत, असं मला वाटायचं.

भोगीचा दिवस होता. आमचं दुकान गच्च भरलेलं. आक्का, म्हणजे पप्पांची आई, कौसल्या वेळापुरे, गादीवर मांडी घालून बसलेली आणि समोर पेठेतल्या नलूकाकू हात पुढे करून. बांगडी त्यांच्या अंगठ्याच्या मुळाशी, हाडावर आली होती.

हे हाड नीट समजून घ्या. बांगडी अडते ती तिथेच. जोर लावला की बाई हात आवळते, आणि आवळला की बांगडी वाढते. आम्ही कासार, आमच्यात बांगडी 'फुटली' म्हणत नाहीत. म्हणून बांगडी हाडावर आली की आक्का प्रश्न विचारायची. "धाकटीचं बारसं कुठं केलं गं?" किंवा, "सासूचा गुडघा काय म्हणतोय?" बाई उत्तर द्यायला तोंड उघडते, हात विसरते, आणि बांगडी मनगटावर. "प्रश्न असा इचारायचा," ती मला सांगायची, "की हात सैल पडला पायजे."

त्या दिवशी तिने प्रश्न विचारायच्या आधी मी विचारला. आणि काचेचा आवाज झाला.

आक्काच्या हातून बांगडी वाढलेली मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिली. ती हसली. म्हणाली, "माज्या हाताला काम हाय बाई, सजायला सवड कुठं?" सगळ्या हसल्या. नलूकाकू तेवढ्या हसल्या नाहीत. अल्फियाने दारातून फोनवर चित्रण केलं होतं, ते दुपारपर्यंत शाळाभर फिरलं. पैजेच्या दोन कचोऱ्या मी स्टँडवर उभ्या उभ्या खाल्ल्या. छान होत्या. हे मुद्दाम लिहितेय.

हे सगळं मी एका वहीत लिहितेय. वही कुठे राहणार, ते शेवटी येईल.

आक्का त्या वेळी हातमोजे घालून काम करत होती, हे आधी सांगायला हवं होतं. सोलापूरच्या एका प्रयोगशाळेतून केतकीताई आल्या होत्या. हातांची कसबं संपत चाललीत, ती जपून ठेवायची, असं त्यांचं काम. मोजा म्हणजे लोकरीचा नव्हे. कोपरापर्यंत येणारा आणि कांद्याच्या पापुद्र्याइतका पातळ, इतका की त्यावरून बांगडी सहज जावी. आपण बोट हलवायचं ठरवलं की मेंदूकडून हाताच्या स्नायूंना विजेचा अगदी बारीक संदेश येतो. मोज्यातले धागे तो कातडीवरूनच टिपतात. बोटांच्या टोकांना आणि मनगटाभोवती दाब मोजणारे वेगळे धागे असतात. असं चार-पाच महिने टिपलं की त्या माणसाच्या हातांचा 'ठसा' तयार होतो.

मग तोच मोजा दुसऱ्या कुणी घातला की प्रवास उलटा. मोजा त्याच्या स्नायूंना तशाच बारीक विजेने चाळवतो आणि टिपलेला दाबही परत देतो. झिणझिणी आणि गुदगुली यांच्या मधलं काहीतरी वाटतं. समोरचा हात कसा आहे, मऊ की हडकुळा, हे मोजा ओळखतो आणि आक्काने तसा हात कसा हाताळला होता ते शोधून काढतो. हात कुणी ओढतंय असं मुळीच वाटत नाही. आपल्यालाच तसं करावंसं वाटलं, असं वाटतं. तिथेच तर सगळी फसगत आहे.

"ह्याच्यात आवाज नाही, चित्र नाही, मनातलं काही नाही," केतकीताईंनी आक्काला समजावलं होतं. "हाताला काय लागलं ते कळेल. का लागलं, ते नाही कळणार."

"मग बरंय," आक्का म्हणाली होती.

नोव्हेंबर ते मार्च तिने मोजे घातले. जूनमध्ये ती गेली. दोन दिवसांचा ताप, बस. एकाहत्तर वर्षांची होती.

डिसेंबरात शाळेच्या जत्रेत मी ते मोजे घातले. एकशे बारा बांगड्या भरल्या, एकही वाढली नाही. बायका रांगेत उभ्या राहून माझी बोटं बघत होत्या आणि डोळे पुसत होत्या. "अगदी आक्का गं," एक म्हातारी म्हणाली आणि तिने माझ्या हाताचा मुका घेतला. मोजे नुसतं टिपून घेतात, एवढंच लोकांना ठाऊक होतं. मुख्याध्यापिकांनी माइकवर विचारलं, एवढ्या लवकर कशी शिकलीस? मी म्हणाले, "रक्तातच आहे, मॅडम." टाळ्या पडल्या. रक्तात काही नव्हतं, मोज्यात होतं, आणि हे मला तेव्हाही माहीत होतं.

तिथूनच पुढचं ठरलं. आक्काच्या वर्षश्राद्धाच्या आठवड्यात, शनिवारी, सोलापूरच्या सभागृहात तिचा ठसा खुला होणार. मग कुठल्याही गावातल्या कुणालाही तो आपल्या मोज्यात उतरवून घेता येणार. मंचावर बांगड्या भरून दाखवणार मी. पूर्ण ठसा दिला तर त्याला 'मूळ ठसा' असा मान मिळणार आणि दिवाळीत मी बेंगळुरूच्या मोठ्या प्रदर्शनात जाणार. हे मी ज्यांना सांगायचं त्यांना सांगितलं होतं, आणि ज्यांना नाही सांगायचं त्यांनाही.

बुधवारी दुपारी दुकान बंद असताना मी मोजे घालून गादीवर सराव करत होते. फोनवर ठशाची यादी उघडली; त्यातली तारीख लावली की ती वेळ जशीच्या तशी हातात येते. तारखांपुढे 'काम' असं लिहिलेलं आणि खाली, फिकट अक्षरांत, 'मोकळा वेळ'. हा भाग प्रात्यक्षिकातून कापलेला असतो. मी भोगीची तारीख शोधली. खरं कारण लिहिते. आक्का माझ्या प्रश्नावर हसली होती, तेव्हा तिचा हातही हसला असेल, असं मला वाटत होतं. मला ते हसणं हातात घ्यायचं होतं. माझा विनोद किती चांगला होता ते तपासायचं होतं.

ती लावली आणि माझ्या हातात नलूकाकूंचा हात आला. नव्हताच समोर, पण आला. हाडापाशी माझी बोटं थांबली. मग एकदम उजवी मूठ आवळली आणि बोटात काच टोचल्यासारखा बारीक दाब आला. आणि डावा हात झटकन मागे गेला. पाठीमागे, पदर असतो तिथे. चोरलेलं लपवावं तसा. तो तिथेच राहिला. समोर सगळ्या हसत होत्या तेव्हा तो मागे पदर घट्ट धरून होता.

मला काही कळेना. मोकळ्या हातात लपवण्यासारखं काय होतं?

मग मी आदल्या दिवसाची संध्याकाळ लावली, 'मोकळा वेळ'. गिऱ्हाईक गेल्यावरही आक्का मोजे लगेच काढायची नाही; काम थांबलं की टिपणंही थांबतं, असं तिला वाटत असावं. माझ्या हातांनी फडक्याने गादीपुढची फळी पुसली. डबे रचले. मग उजव्या हाताने सगळ्यात खालचा खण ओढला. माझ्यासमोरचा खरा खणही उघडला गेला. आत पत्र्याची डबी होती, अंगठ्याने झाकण उचललं. आत दोन बांगड्या. हिरव्या, त्यावर सोनेरी ठिपका.

डाव्या हाताचा अंगठा तळव्यात दुमडला, बोटं जुळली. उजव्या हाताने ते हाड हळूच दाबलं. स्वतःलाच प्रश्न तर विचारता येत नाही, म्हणून बोटं जरा थांबली, आणि मग बांगडी गेली. मनगटाभोवती गोल, हलका दाब. मग दुसरी. मग मनगट एकदा हललं. थांबलं. पुन्हा हललं. मोज्यात आवाज नाही, पण हात कसा हलतोय त्यावरून कळत होतं, ती किणकिण ऐकत होती.

सात-आठ मिनिटं. मग दोन्ही काढून डबीत, डबी खणात.

मी मागच्या सगळ्या संध्याकाळी लावल्या. नोव्हेंबरपासून भोगीच्या आदल्या दिवसापर्यंत दुकान उघडं होतं त्या प्रत्येक दिवशी. तोच खण, तोच अंगठा. भोगीच्या संध्याकाळी खण उघडला, अंगठा झाकणावर आला आणि तसाच राहिला. मग खण बंद. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवसापासून खण उघडलाच नाही. मार्च संपेपर्यंत एकदाही नाही.

मी तिथे बसून राहिले. मला कचोरीची चव आठवत होती.

नंतर मी शेवटची तारीख लावली. ते करायला नको होतं. त्या दिवशी आमचं स्नेहसंमेलन होतं आणि मी घाईघाईत, "आक्का, पटकन भर," म्हणून तिच्यासमोर हात टाकला होता. आता तोच हात माझ्या हातात आला, तिच्या बाजूने. माझा हात असा लागतो हे मला माहीत नव्हतं. ताठ, बोटं वाकडी. दुसऱ्या हाताने मी फोन बघत होते, तो ताण या हातात उतरलेला. आक्काची बोटं हाडापाशी थांबली. म्हणजे तिने प्रश्न विचारला होता. ती उत्तराची वाट बघत होती. फार वेळ थांबली. मग तिने माझा हात नुसताच, हळूहळू चोळून सैल केला आणि बांगडी भरली.

तिने काय विचारलं होतं? मी खूप आठवून पाहिलं. मी काहीतरी "हं" म्हणाले होते. मोज्यात आवाज नसतो.

मी केतकीताईंना फोन लावला.

"ताई, तो मोकळा वेळ कुणाला दिसतो?"

"प्रात्यक्षिकात नाही. पण मूळ नोंदीसोबत जातो. अभ्यासकांना, ज्याला हवा त्याला. का गं?"

"नाही दिला तर?"

"मग तो 'अपुरा ठसा' होतो. काम शिकायला पुरेल, पण मूळचा मान नाही. आणि तुझं बेंगळुरू..." त्या थांबल्या. "काही आहे का त्यात?"

"आक्का आहे," मी म्हणाले. मग घाबरून फोन ठेवला.

संध्याकाळी मम्मी दुकानाच्या मागच्या खोलीत बांगड्यांचे तोडे, म्हणजे दोऱ्यात ओवलेले जुडगे, सोडवत बसली होती. मी डबी तिच्यासमोर ठेवली. तिने बांगड्यांकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"कुठून कळलं?"

"मोज्यातून. तुला माहीत होतं?"

"रोज सात वाजता दुकानाचा पडदा कोण ओढायचं?" मम्मी म्हणाली. "मी बाहेर पायरीवर भाजी निवडत बसायची. कुणी आलं तर, 'आक्का देवापुढं बसल्यात,' सांगायची. लग्न होऊन आले त्या वर्षापासून."

"पण तिने उघड का नाही घातल्या? आता कोण काय म्हणतंय? नवरा गेलेल्या कितीतरी बायकांना तिनेच तर भरल्या."

"त्यांना भरल्या. तुझे आजोबा गेले तेव्हा ती एकोणतीस वर्षांची होती. विधवेच्या हातून बांगड्या नको, म्हणून वर्षभर कुणी पायरी चढलं नाही. मग एका नवरीच्या हाताला कुणाची बांगडी जाईना, तेव्हा हिला बोलावलं. हिने दोन्ही हात भरून दिले, एकही न वाढता. तिथून दुकान चाललं. पण स्वतःचा हात मोकळा ठेवला तरच. हे कुणी बोललं नव्हतं, पण सगळ्यांना ठाऊक होतं. बेचाळीस वर्षं तसं राहिलं की मग लोकांनी हो म्हटलं तरी आपल्यालाच धीर होत नाही. आणि लपून घालतो, त्याची आणखी वेगळी लाज."

मी म्हणाले, "मी विचारलं त्यानंतर तिने घातल्याच नाहीत."

मम्मी तोडा सोडवत राहिली. दोरा गुंतला होता, तो तिने दातांनी तोडला.

"त्या रात्री जेवताना तिने मला हळूच विचारलं, 'स्वरदानं बघितलं का गं मला?' मी म्हटलं, नाही हो, पोरींची पैज होती. तिला खरं वाटलं नाही. तिला वाटलं, तू पडद्याआडून पाहिलंस आणि सगळ्यांदेखत बोलून दाखवलंस."

मला हे कधीच सुचलं नव्हतं. मी मूर्खपणा केला, एवढंच आत्तापर्यंत मला वाटत होतं. पण तिच्या मनात मी चहाडखोर होते. आणि तसं समजूनही तिने मार्चमध्ये माझा हात तसा चोळला.

"तू मला का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर तू तिच्यापुढे जाऊन रडली असतीस, माफी मागितली असतीस, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशी. तुझा आवाज आता मोठा झालाय ना." मम्मी रागावून बोलली नाही. म्हणूनच ते फार लागलं.

"पप्पांना?"

"त्यांना माहीत नाही. आईने लेकापासून लपवलं, ते मी कशाला सांगू?"

गुरुवारी मी मोजे न घालता गादीवर बसले. मम्मीला म्हटलं, हात दे. पहिली बांगडी हाडापर्यंतसुद्धा गेली नाही, बोटांतच वाढली. दुसरी हाडावर. तिसऱ्या वेळी मम्मीच्या अंगठ्याला ओरखडा आला. "एकशे बारा भरल्यास म्हणे जत्रेत," ती म्हणाली. मी मान वर केली नाही. दिवसभरात अकरा वाढल्या, तीन गेल्या. तिन्ही वेळा मम्मीच कशाशी तरी बोलत होती म्हणून गेल्या. मला विचारायला एकही प्रश्न सुचत नव्हता. गंमत बघा, ज्या मुलीला सगळे प्रश्न विचारायचे होते तिची ही गत.

आज शुक्रवार. सकाळी पप्पा पोह्यांची ताटली घेऊन दुकानातच आले. हातात प्रयोगशाळेचा कागद होता, वारसाच्या सहीचा.

"स्वरे, उद्याची तयारी झाली का? आक्काचं नाव देशभर जाणार बघ," ते म्हणाले. मग समोर बघून थबकले. "हे काय, मोजे कुठायत?"

मी मम्मीचा हात धरून बसले होते. बांगडी अगदी हाडावर आलेली. मम्मीने हात आवळला होता.

"विचार काहीतरी," ती पुटपुटली. "वाढेल आता."

"विचारायचं नाहीये," मी म्हणाले. "सांगायचंय. दोघांना."

पप्पांनी ताटली खाली ठेवली. मी आवाज वाढवला नाही. बांगडी जिथे होती तिथेच धरून ठेवली.

"पप्पा, सही करा, पण कामाच्या भागापुरती. मोकळा वेळ कुणाला द्यायचा नाही आणि पुसायचाही नाही. तो या मोज्यांसकट आपल्या खालच्या खणात राहील, सोबत मी लिहिलेली एक वही. माझ्यानंतर आपल्या घरातली जी कुणी या गादीवर बसेल, तिने ती उघडावी. तुम्ही त्यात काय आहे ते विचाराल, आणि मी सांगणार नाही. ठसा अपुरा म्हणतील, म्हणू देत. बेंगळुरूला मी जाणार नाही, हे केतकीताईंना कळवून टाकलंय. उद्या मी मंचावर येईन, पण मोज्याशिवाय. आधी सांगेन, की जत्रेतल्या बांगड्या मी भरल्या नव्हत्या. मग सांगेन, भोगीच्या दिवशी पैजेसाठी मी माझ्या आक्काला काय विचारलं, आणि तिच्या हातून बांगडी वाढली ती माझ्यामुळे. तेवढं माझं आहे, ते मी सगळ्यांदेखत सांगेन. बाकीचं तिचं आहे. मग माझ्या हाताने एक बांगडी भरेन, एकच. वाढली तर काच गोळा करून खाली येईन, आणि सोमवारपासून शाळा सुटली की इथे बसेन."